एका रंगातला चेहरा

निवृत्त झाल्यावर पोस्टमास्तर चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले आणि पहिल्याच चित्रात त्यांनी डबीतला एकही रंग सोडला नाही. वर्गाच्या बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. पण त्यांनी सरळ डबीच काढून घेतली. "काका, आता फक्त तपकिरी. पाणी जास्त की फिका, पाणी कमी की गडद. बस्स!" तेही सगळ्यांदेखत. पोस्टमास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता बाईंना दाखवूनच द्यायचं, या ईर्षेने त्यांनी रविवारी घरी बायकोला खिडकीशी बसवलं. उजेड डावीकडून. म्हणजे डावी बाजू फिकी, उजवी गडद. त्यात काय एवढं! पण उजेडाकडच्याच गालावर, कानाखाली, एक सावली काही केल्या हटेना.

"अगं, मान वर कर जरा. हलू नकोस म्हटलं ना!"

त्यांनी पडदा सरकवला, खुर्ची फिरवून पाहिली, टेबलावरचा दिवा आणून धरला. सावली आपली तिथेच. "काय वैताग आहे," ते करवादले. "ही पडतेय तरी कशाची?"

"अहो, सावली नाही ती," बायको मान न हलवता म्हणाली. "डाग आहे. कुकरची वाफ आली होती ना तोंडावर."

"कधी?"

"झाली की आता बरीच वर्षं. काढा लवकर, मान अवघडली माझी."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. रोज समोरासमोर बसून जेवणारा हा माणूस! तिच्याकडे पाहायची त्यांना लाज वाटू लागली, आणि चित्र पुरं करायचं तर पाहणं भाग होतं. चोरासारखं बघत त्यांनी तो डाग रंगवला, जसाच्या तसा.

वर्गात बाईंनी चित्र भिंतीला लावलं. "वा, काका! हात बसला की तुमचा. फक्त इथे चुकलात. उजेड या बाजूने, मग या गालावर सावली कुठून आली? तेवढी पुसून टाका, झकास होईल."

पुसली असती तर शाबासकी पदरात पडतच होती. पोस्टमास्तरांनी ब्रश ओला केला आणि तसाच परत खाली ठेवला.

"सावली नाही ती," ते म्हणाले. "बायकोच्या गालावरचा भाजल्याचा डाग आहे."

"अरे बापरे! कधी भाजलं काकूंना?"

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

"मला रविवारी कळलं," पोस्टमास्तर म्हणाले.