हेल्काच्या लॅपटॉपचं झाकण

फिनलंडमधल्या तुर्कू शहराच्या वाचनालयाच्या तळघरात दर मंगळवारी दुपारी दुरुस्तीचं टेबल लागायचं आणि त्याच्या डाव्या टोकाला तुओमो बसायचा. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन त्याला पाच वर्षं झाली होती, घटस्फोटाला अकरा, आणि दोन्हींची आता फारशी खंत उरलेली नव्हती. त्याच्याकडे यायचे ते जुने लॅपटॉप, कंपनीने मोडीत काढलेले आणि कुणा भाच्या-पुतण्याने लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून पुन्हा चालते केलेले. या लिनक्सवर त्याचा भारी जीव, कारण ते काही लपवत नाही. यंत्रात जे जे घडतं ते ते वेळेसकट लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहून ठेवतं आणि तो लॉग मालकाने केव्हाही उघडून वाचावा. माणसांच्या बाबतीत अशी सोय असती तर आपला संसार टिकला असता, असं तो हसत म्हणायचा.

त्याचा एक नियम होता आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकावा लागे: आधी कारण शोधायचं, मग औषध. कारण सापडण्याआधी बिघाडाचं तोंड बंद करायचं नाही.

आणखी एक सवय होती. विचारात पडला की तो डावा तळवा टेबलावर दोनदा आपटायचा, जरा थांबायचा आणि मग एकदा. एक्स्चेंजमध्ये लाइन तपासताना लागलेली ही खोड.

"झालं सुरू," शेजारी शिवणयंत्रं उघडून बसणारा इल्प्पो म्हणायचा. "बाबा रे, तू निवृत्त झालास, पण तुझ्या हाताला अजून ते पत्र मिळालेलं दिसत नाही!"

हेल्का आली ती मे महिन्यात. साठी उलटलेली, उंच, पांढऱ्या केसांची एक वेणी आणि काखेत लोकरीच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप. ती विणकामाचे नमुने तयार करून जगभर पाठवायची आणि नेमकं काम रंगात आलं की यंत्र आपोआप झोपी जायचं.

"रोज?" तुओमोने विचारलं.

"रोज दुपारी. मी कॉफी टाकायला उठते ना, तेवढ्यात."

त्याने लॉग उघडला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: झाकण बंद. झाकण उघडलं. वेळ दोन चाळीस, रोजची, गेल्या मार्चपासून.

"झाकण मिटता का तुम्ही उठताना?"

"मी त्याला हातसुद्धा लावत नाही हो."

दोष किरकोळ वाटत होता. झाकणात एक बारीक चुंबक असतं आणि टाइप करताना डावा तळवा टेकतो तिथे एक सेन्सर. चुंबक जवळ आलं की यंत्र समजतं, झाकण मिटलं, आता झोपावं. चुंबकाची अंगठी, पर्सचं बटण, काहीही त्याला फसवू शकतं. तुओमोने तिचे हात पाहिले. अंगठी नव्हती. ही गोष्ट त्याने गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिली आणि इल्प्पोने खोकून घेतलं.

वाचनालयात यंत्र एकदाही झोपलं नाही. तीन मंगळवार झाले तरी नाही. तेव्हा तुओमोने सांगितलं की बिघाड घरातच कुठेतरी आहे आणि घरी येऊन पाहावं लागेल. हे खरंच होतं, पण खरं नसतं तरी त्याने सांगितलं असतं.

हेल्काचं घर नदीपलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. दारात बूट काढले तेव्हा तिने त्याच्यापुढे करड्या नमद्याच्या सपाता ठेवल्या. नव्याकोऱ्या होत्या आणि पायात अशा बसल्या की जणू त्याच्या पायाचं माप घेऊन केलेल्या. स्वयंपाकघरात खिडकीपाशी टेबल, त्यावर वेलदोड्याचा ब्रेड आणि दोन कप. आपण येणार म्हणून मांडलेत असं त्याला वाटलं.

"छे, मी रोजच दोन मांडते," ती म्हणाली. "हसू नका. एकटीने एकच कप काढायचा म्हणजे घर ओकंओकं वाटतं."

"माझ्याकडे तर एकच कप आहे," तुओमो म्हणाला. "धुवायला सोपा."

ती मोठ्याने हसली. ते हसू ऐकून त्याच्या मनात आलं की आपल्याला या टेबलाशी, या खुर्चीवर, दर आठवड्याला बसता आलं पाहिजे. उरलेल्या आयुष्याकडून त्याचं दुसरं काही मागणं नव्हतं.

त्याने शिकारीला जाताना वापरायचं होकायंत्र लॅपटॉपच्या डाव्या बाजूला ठेवलं. आसपास चुंबक असेल तर काटा सांगेल. दोन चाळीसला हेल्का कॉफी टाकायला उठली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, टेबलावर काही हललं नव्हतं आणि होकायंत्राचा काटा सावकाश वळून लॅपटॉपकडे पाहू लागला. वळला, परतला. वळला, परतला. मग जरा थांबून पुन्हा एकदा. पडदा काळा झाला.

तुओमोने स्वतःचा डावा हात पाहिला. तो मांडीवर होता.

इथे नियमाप्रमाणे त्याने टेबलाचे खिळे तपासायला हवे होते, भिंतीतल्या तारा, खालच्या मजल्यावरची यंत्रं. पण इथेच घोडं पेंड खात होतं. कारण सापडलं तर काम संपलं आणि काम संपलं की उद्यापासून या घरात येण्याला निमित्त नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दुसरा मार्ग धरला. यंत्राच्या एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली: झाकण मिटलं तरी दुर्लक्ष कर.

"आता झोपणार नाही," तो म्हणाला. "पण कारण काही कळलेलं नाही. लॉगमध्ये नोंद होत राहील. मला अधूनमधून येऊन ती पाहावी लागेल."

"गुरुवारी येत जा," हेल्का म्हणाली. "गुरुवारी मी ब्रेड भाजते."

उन्हाळाभर तो गुरुवारी जात राहिला. जूनमध्ये दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागले, जुलैमध्ये तिच्या बहिणीच्या सासऱ्याने बेटावर बांधलेल्या झोपडीत सॉनाचं वाफेचं स्नान घेऊन आले, आणि ऑगस्टमध्ये तुओमोने वाचनालयात इतक्या वेळा शीळ घातली की इल्प्पोने कानात कापूस घालायची धमकी दिली. लॉगमध्ये नोंदी रोज होत होत्या. दोन, थांबून एक. तो त्या वाचायचा, मान हलवायचा आणि ब्रेडचा दुसरा तुकडा घ्यायचा. खरं सांगायचं तर त्याला त्यांची भीती वाटत नव्हती. त्या नोंदींनीच त्याला इथे आणलं होतं.

सप्टेंबरात त्याचा डावा खांदा धरला तेव्हा हेल्काने ओट्याच्या खणातून एक कडं काढलं. काळं, चुंबकाच्या मण्यांचं, सांधेदुखीवर म्हणून जत्रेत विकतात तसलं.

"मार्चमध्ये घेतलं होतं."

"कुणासाठी?"

"तेव्हा कुणीच नव्हतं," ती म्हणाली आणि किंचित लाजली. "मनगटाचं माप मात्र असंच हवं, असं आपलं वाटलं. आणि सपातांचंही."

कडं बरोबर बसलं. तुओमोने तळवा टेबलावर सवयीने आपटला, दोनदा आणि एकदा, आणि लॅपटॉपने लगेच तीन नोंदी केल्या. दोघंही हसले. त्या दिवसापासून दोन चाळीसची ती नोंद बंद झाली. आता लॉगमध्ये होत्या त्या फक्त गुरुवारच्या, तुओमोच्या स्वतःच्या हाताच्या. बिघाड गेला म्हणावं तर गेला होता. दुर्लक्ष करायची ओळ काढून टाकावी असं त्याच्या एकदा मनात आलं, पण चाललेलं यंत्र कशाला उघडा, म्हणून त्याने ती राहू दिली.

ऑक्टोबरात नातीचा, वेन्लाचा, वाढदिवस नेमका गुरुवारी आला.

"पुढच्या गुरुवारी मी ताम्पेरेला, मुलीकडे," तो निघताना म्हणाला. "तुला एकटीला ब्रेड संपवावा लागेल."

"संपेल की," हेल्का म्हणाली.

वाढदिवस छान झाला. वेन्लाने त्याला कागदाचा मुकुट घालायला लावला आणि त्याने तो दुपारभर घातला. पावणेतीनच्या सुमारास केक कापताना त्याने तळवा टेबलावर आपटला तेव्हा लक्षात आलं की मनगट रिकामं आहे. कडं हेल्काकडे, लॅपटॉपशेजारी राहिलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, किती वर्षांनी तुम्ही असे दिसताय." कसे, ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही, पण त्याला फार बरं वाटलं. हेल्काने विचारलं तर तिच्याकडे कायमचं राहायला जावं, असं त्याने परतीच्या गाडीत ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी ताम्पेरेचं काळं सॉसेज कागदात गुंडाळून तो तिच्या दाराशी उभा राहिला. बाहेर सकाळपासून पाऊस होता. त्याने घंटी वाजवली. आत हेल्काचं हसणं चालू होतं, ते दाराशी येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर होतं.

"अगं बाई, तुम्ही!" ती म्हणाली. आवाजात मोकळी, परकी आपुलकी होती. "दुरुस्तीवाले ना? वाचनालयातले? माझं यंत्र उत्तम चाललंय हो. मेनंतर एकदाही झोपलं नाही."

"हेल्का," तो म्हणाला. "काल मी..."

"काही विसरलं होतं का इथे?"

तो उत्तर देणार होता. पण त्याची नजर तिच्या मागे, चपलांच्या फळीकडे गेली. करड्या सपाता जागेवर नव्हत्या. त्यांच्या जागी तपकिरी बुटांची जोडी होती, पावसाने ओली, डाव्या बुटाच्या तुटलेल्या नाडीला मधोमध गाठ मारलेली. तुओमोने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं, डाव्या बुटाच्या नाडीच्या अगदी तशाच गाठीकडे.

"कॉफी निवतेय माझी," हेल्का गोड हसून म्हणाली आणि दार हलकेच लोटू लागली. आत स्वयंपाकघरात कुणीतरी, कड्याचे मणी वाजवत, तळवा टेबलावर आपटला, दोनदा, आणि जरा थांबून एकदा.