पोटावर आभाळ, पाठीखाली धावपट्टी

मी जपानच्या हवाई दलाचं निळं-पांढरं जेट विमान बोलतोय, शेपटीवर पाचचा आकडा असलेलं. लढाई मी कधी पाहिली नाही. पोटात दारूगोळा नव्हताच, होतं ते धूर सोडायचं तेल. सहा विमानांच्या आमच्या चमूत एकट्यानं उलटं उडायचं काम माझं.

माझी पहिली वर्षं शिकाऊ वैमानिकांचे धक्के खाण्यात गेली. कुणी मला धाडकन उतरवायचा, कुणी माझ्यातच ओकायचा. मग अंगाला नवा रंग लागला आणि लोक माना वर करून बघू लागले. खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडायचं.

कॅप्टन शुहेई तोगाशी माझे शेवटचे वैमानिक. देखभाल नुमाताबाईंकडे. उड्डाणाआधी त्या माझ्या अंगावरून हात फिरवत, गोठ्यातल्या जनावराला चाचपावं तसा.

तोगाशींच्या आईची डोंगरात सफरचंदांची बाग होती. मुलाच्या कसरती बघायला ती कधीच आली नव्हती. म्हणायची, "खुर्चीत बसायची नोकरी म्हणालास म्हणून आनंदानं सणासुदीचा लाल भात केला. ती खुर्ची उलटी होते, हे कुठे सांगितलंस?"

पण तोगाशींची चमूतली मुदत संपत आली. त्यांच्या शेवटच्या हवाई मेळ्याला ती आली.

त्या सकाळी नुमाताबाई माझ्या चाकाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. "ब्रेकची नळी पाझरतेय. पाच नंबर आत्ता उडणार नाही."

"अहो, आज आई आलीय. पहिल्यांदाच!"

"म्हणून तर थांबवतेय."

बाकीचे पाच जण वर गेले. मी खाली उभा राहून त्यांचा आवाज ऐकत होतो. इतकं अवघडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

नळी बदलून होईस्तोवर ढग खाली आले. दुपारच्या खेळातल्या उंच गिरक्या रद्द झाल्या. आमच्या वाट्याला राहिलं ते एकच, धावपट्टीवरून अगदी खालून उलटं जाणं. आम्ही निघालो. पोटावर आभाळ, पाठीखाली धावपट्टी.

उतरल्यावर नुमाताबाई आईला घेऊन प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीपाशी आल्या. "डोळे मिटून माझी बाही धरून उभ्या होत्या," त्यांनी तोगाशींना सांगितलं. "आवाज जवळ आला, तेव्हा उघडले."

"बघितलं रे शुहेई," आई म्हणाली. "आता सरळ उडवायला शीक."

मग तिनं माझ्यासमोर कमरेत वाकून नमस्कार केला. "सुखरूप आणलंस माझ्या पोराला." सगळे हसले. तोगाशींनी काढलेलं हेल्मेट घाईघाईनं पुन्हा डोक्यावर चढवलं.

आता मी निवृत्त. हवाई तळाच्या फाटकाजवळ हिरवळीवर उभा असतो. इंजिन काढून घेतलंय आणि त्या जागेत पाकोळ्यांनी घर केलंय. तक्रार काही नाही. मेळ्याच्या दिवशी माणसं माझ्या पंखाखाली चटया टाकून नूडल्स खात बसतात.

तुम्हीही या, बसा. फक्त वर आवाज झाला, तर घास बाजूला ठेवून एकदा बघा. तिथे कुणाचं तरी लेकरू असतं.