तांब्याची जाळी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. भर गर्दीत आई तुमच्या कानाशी हाताचा आडोसा करून काहीतरी सांगते आहे. भोवती कितीही कल्ला असला, तरी तिचा शब्द न् शब्द कळतो ना? तसाच आडोसा करणारी मी एक जुनी मायक्रोफोनची केबल आहे.

माझ्या पोटात दोन बारीक तारा आहेत. त्यांतून आवाज जातो. त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या धाग्यांची जाळी विणलेली आहे. मोटारी, पंखे, विजेच्या तारा न दिसणारा, न ऐकू येणारा गोंगाट भोवती सोडत असतात. जाळी तो वरच्यावर झेलते आणि टोकाच्या जोडातून जमिनीकडे लावून देते. आतल्या आवाजाला त्याचा धक्काही लागत नाही.

कारखान्यातून मी एका ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आले. तिथे भिंगरीचे बाबा मुलांसाठी गोष्टी वाचत. भिंगरी ही त्यांची दहा वर्षांची लेक. एका जागी बसेल तर शपथ! पण बाबांनी घसा खाकरून वाचायला सुरुवात केली, की ती माझ्या वेटोळ्याशेजारी मांडी घालून बसे. "काय स्वच्छ आवाज आहे हो!" असं लोक बाबांना म्हणत. माझं नाव कोणी घेत नसे, तरी मी मनातल्या मनात फुगत असे.

मग बाबांच्या घशाला आजार जडला. शस्त्रक्रियेत आवाज जाणार होता. आदल्या दिवशी ते लेकीसाठी शेवटची गोष्ट वाचायला आले. नेमकं त्याच सकाळी माझं टोक निसटलं. दुरुस्तीवाले काका घाईत होते. जाळीचे विस्कटलेले धागे जोडायला वेळ लागेल, म्हणून त्यांनी ते कात्रीने छाटले.

"काका, ते का कापलंत?" भिंगरीने विचारलं.

"अगं, ती नुसती शोभेची! आवाज जातो आतल्या तारांतून. मला नको शिकवूस, आजीबाई!"

चाचणीत आवाज नीट आला. काकांनी हेडफोन कानांवरून काढून गळ्यात अडकवले. बाबा वाचू लागले आणि भिंतीपलीकडे लिफ्टची मोटार सुरू झाली. मी धडपडले, पण झेललेला गोंगाट सोडायला मला वाटच उरली नव्हती.

शस्त्रक्रियेनंतर बापलेकीने ती गोष्ट लावली. गोष्टभर एकच घरघर, आणि तिच्यामागे विहिरीच्या तळातून यावा तसा बाबांचा आवाज. शब्द एकही कळेना. काका मान खाली घालून म्हणाले, "चुकलो गं पोरी."

मित्रांनो, ज्याचं काम दिसत नाही, त्याला बिनकामाचं समजून छाटू नका. आधी विचारा. मी भंगाराच्या खोक्यात पडून हेच घोकत होते.

एके दिवशी भिंगरीने मला तिथून उचललं. काकांकडून शिकून, डाख देताना बोटं भाजत, तिने माझी जाळी धागा धागा जोडली. मग मला मायक्रोफोनला जोडून बाबांना शेजारी बसवलं, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बाबांच्या शेवटच्या गोष्टीचं तेच पुस्तक उघडलं.

आवाज स्वच्छ येतोय, अशी बाबांनी मान हलवली. भिंगरीने त्यांच्यासारखाच घसा खाकरला, आणि ती वाचू लागली.