गिळलेली माफी

मित्रांनो, मी जुना दरवाजा आहे, आणि तोही अंधारकोठडीचा. टास्मानियाच्या किनाऱ्यावर विलायतेहून आणलेल्या कैद्यांची वसाहत होती, तिथला. आता लोक इथं सहलीला येतात, आईस्क्रीम खातात, मला टेकून फोटो काढतात. मी मात्र मान खाली घालून असतो. तुम्ही म्हणाल, दरवाजाला कुठली आली मान? नसेल, पण लाज आहे.

मला घडवलं एमॉस ट्रेगियर नावाच्या सुतारानं. तोही कैदीच, मेंढी चोरली म्हणून सातासमुद्रापार धाडलेला. कैद्यानं कैद्याशी चकार शब्द बोलायचा नाही, असा इथला नियम. बोलला की माझ्यामागे. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एमॉसनं दोन जाड फळ्यांमध्ये भुसा ठासून भरला. मुकादमानं मला थोपटलं. "वा! आत माणूस मेला तरी कळायचं नाही!" केवढा फुगलो होतो मी! थोड्याच दिवसांत प्रार्थनेच्या वेळी कुजबुजला म्हणून एमॉसलाच आत घातलं. बाकीचे कैदी ओरडत, मला लाथा मारत. तो गप्प बसून राहिला. भुसा किती भरलाय ते त्याला ठाऊक होतं ना!

पुढे वसाहत उठली. कुणीतरी मला उचकटून डुकरांच्या कोंडवाड्याला लावलं. तिथला चिखल परवडला, पण पुन्हा मला शोधून आणलं, नवा भुसा भरला, तेलपाणी केलं आणि जुन्या जागी बसवलं.

गेल्या उन्हाळ्यात एमॉसचा पणतू क्लॅरी आला. म्हातारा मोठा थट्टेखोर. बरोबर मुलगी ब्रॉनविन आणि थोरली बहीण आयव्ही.

"चला, कुणाकुणाच्या घराण्यात कैदी होते? हात वर!" आमची गाईड रोंडा म्हणाली. भराभर हात वर झाले. पूर्वी लोक ही गोष्ट लपवत, हल्ली मिरवतात.

क्लॅरीचे हात खिशात. "आमचे पणजोबा इथं सुतार होते हं. पगारी!"

"बाबा, आता तरी पुरे करा," ब्रॉनविन पुटपुटली.

आयव्हीनं अर्धा वर नेलेला हात खाली घेतला. मग ब्रॉनविननं रोंडाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, माझ्या पुढ्यातच. क्लॅरी-आयव्हीच्या वडिलांच्या अंत्यविधीला आयव्हीनं भर चर्चमध्ये एमॉस कैदी होता हे सांगून टाकलं. तेव्हापासून क्लॅरीनं तिच्याशी बोलणं टाकलं. नाताळच्या जेवणालासुद्धा म्हणायचा, "ब्रॉनविन, तुझ्या आत्याला सांग, बटाटे इकडे सरकव." आता आयव्हीच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून पोरीनं दोघांना एकाच गाडीत कोंबून आणलं होतं.

आयव्ही जवळ आली. "क्लॅरी, एक शब्द तरी बोल रे."

क्लॅरीची बोबडीच वळली. "मी... मी आत जाऊन बघतो! लावा दार!" म्हणत तो कोठडीत शिरला. रोंडानं मला लावलं.

आत त्यानं माझ्यावर कपाळ टेकलं. "आयव्ही, चुकलो गं. तू खरं तेच बोललीस. माझ्या खोट्या अब्रूपायी तुला तोडलं मी. मला सोडून जाऊ नकोस." म्हातारा हुंदके देत होता. आणि बाहेर आयव्ही मला कान लावून उभी होती! दोघांच्या मध्ये मी. तडकावं, एक फट तरी पडावी, असं झालं मला. पण एमॉसचं काम पक्कं. तिला काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही.

मला उघडलं. "काही म्हणालास का रे आत?" तिनं विचारलं.

क्लॅरीनं बाहीनं नाक पुसलं. "ब्रॉनविन, तुझ्या आत्याला विचार, चहा घेणार का."

"घेईन," आयव्ही म्हणाली. तिघं निघून गेली.

थंडीत क्लॅरी एकटाच आला, अंत्यविधीचा काळा कोट घालून. रोंडाला म्हणाला, "जरा लावतेस का दार?" आत जाऊन त्यानं तेच सगळं पुन्हा सांगितलं, माझ्यावर हात आपटून आपटून. बाहेर कान लावायला कुणी नव्हतं.

मित्रांनो, मला तेल घाला, नका घालू, माझं काय अडलंय? पण ज्याला काही सांगायचं असेल, त्याच्या तोंडावर सांगून टाका, दार लावायच्या आधी. माझ्या भरवशावर राहू नका. आजवर मी एकाचाही निरोप पोचवलेला नाही.