मांडणीमागचा मीटर

एक विचारतो. धंद्यात भरवसा कुणावर ठेवावा? तुम्ही म्हणाल, जुन्या गिऱ्हाइकावर. कुणी म्हणेल, सख्ख्या भावावर. मी अशा एका नवरा-बायकोला ओळखतो, ज्यांनी शेवटी माझ्यावर ठेवला. त्यातल्या एकानं जरा तोंड वाकडं करूनच ठेवला, पण ठेवला.

मी विजेचा मीटर बोलतोय. ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागात गोदामांची लांबच लांब रांग आहे, तिथल्या एका गाळ्याच्या मागच्या भिंतीवर माझा मुक्काम. करड्या रंगाची पेटी, पुढे आकड्यांची काच, खाली लुकलुकणारा लाल दिवा. शाळेत मी गेलेलो नाही. जे काही शिकलो ते भिंतीवर लटकून, माणसांची बोलणी ऐकत शिकलो.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यातला. माझ्या बरोबरीचे बरेचसे तिकडच्याच भिंतींवर लागले. एका देशातला वारा पडून पवनचक्क्या थांबल्या की शेजारचा देश तारेवरून त्याला वीज विकतो, आणि चार दिवसांनी तोच उलट विकत घेतो. वीज खात्रीची हवी, परवडणारी हवी आणि धूर न ओकता तयार झालेली हवी, म्हणून सगळ्यांनी मिळून एक बाजार उभा करायचा त्यांचा खटाटोप चाललेला असतो. इतक्या भाषांची, इतक्या स्वभावांची माणसं एका बाजारात बसवायची म्हणजे खायचं काम नाही. मला त्याचं फार अप्रूप.

मी मात्र बोटीत बसून न्यूझीलंडला आलो. इथे शेजार म्हणजे समुद्र. अडीअडचणीला वीज मागायची कुणाकडे? दक्षिणेच्या तलावांत पाणी असलं की जलविजेची चैन. पाऊस रुसला की वारा, जमिनीखालची वाफ, आणि शेवटी गॅस, कोळसा. दर अर्ध्या तासाला विजेचा भाव ठरतो. वीज बनवणारे आपापला दर सांगतात, स्वस्तातली आधी उचलली जाते. एवढीशी बेटं, पण बाजार असा नेटका चालतो की मी भिंतीवरून मनातल्या मनात टाळ्या वाजवतो.

मला २०१२ साली इथे बसवलं, तेव्हा गाळ्यात ग्रॅहम नावाचा सोफे बनवणारा होता. गोरा, ढेरपोट्या, थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरणारा. वीज कंपनीचा एजंट दारात आला की हा त्याला खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा, आणि मग हळूच विचारायचा, "तुझा दर ऐकला रे, पण तुझ्या शेजाऱ्याचा याहून कमी का?" दोन हिवाळ्यांत एकदा तरी तो कंपनी बदलायचाच. गंमत अशी, की कंपनी बदलली तरी तारा त्याच आणि मीटरही मीच. तुमच्यावर एक कंपनी रागावली तर दुसरी हसून उभी असते. गिऱ्हाइकाला हा मान देणारा बाजार मला तरी थोर वाटतो.

ग्रॅहम थकला, गाळा सोडून गेला. २०१६ मध्ये आली मंदा. मूळची पुण्याची. नवरा हरीश आयटीत. इथल्या बँकेतली बरी नोकरी सोडून तिनं गोठवलेले उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या करायला घेतल्या. ख्राइस्टचर्चपासून हॅमिल्टनपर्यंत जिथे जिथे मराठी घर, तिथे तिथे तिचे डबे जायचे.

आता मोदक गोठवायचे म्हणजे विजेचं काम. मंदानं हुशारीनं अशी योजना घेतली, की ज्या अर्ध्या तासाला बाजारात जो भाव, तोच तिला. मग ती भाव बघून काम करायची. पहाटे स्वस्त, तर मोठा फ्रीझर पहाटे. संध्याकाळी सगळं ऑकलंड हीटर लावून बसतं, तेव्हा हिचा फ्रीझर नुसता थंडी टिकवून गप्प. मी रोज मोजायचो आणि मनात म्हणायचो, हिला धंदा कळतो.

२०१८ च्या जुलैत तिची शकुमावशी तळेगावहून आली. येताना सामानाच्या जहाजातून स्टीलची मांडणी आली. हो, तीच, ताटं-वाट्या उभ्या लावायची, कडेला चमच्यांची जागा असलेली. मावशीनं गाळ्यात नजर फिरवली आणि नाक मुरडलं.

"काय गं ही भिंत! मध्येच तो डबा लुकलुकतोय. गिऱ्हाईक आलं तर काय म्हणेल?"

"मावशी, तो मीटर आहे."

"असू दे की. जाणारे का कुठे तो?"

झालं! मांडणी बरोबर माझ्या तोंडावर ठोकली गेली. मागच्या बाजूला तिचा सबंध पत्रा, वर स्टीलच्या पराती. मी दर अर्ध्या तासाचा आकडा हवेतून कंपनीला पाठवतो. आता पाठवलेला आकडा परातीवर आपटून माझ्याकडेच परत. मोजणं चालू, निरोप बंद.

निरोप आला नाही की कंपनी अंदाजानं बिल करते. गेल्या वर्षी या महिन्यात किती, यंदाही तितकंच धरलं, आणि वेळ सगळ्यांची असते तीच, म्हणजे महाग संध्याकाळ. गणपतीच्या तयारीचं ऑगस्टचं बिल बघून हरीशचा आवाज चढला.

"मंदा, हे बघ. पहाटे उठून कोणासाठी मरतेस? लुटतायत ते आपल्याला."

"मी भावच बघून चालवलाय फ्रीझर."

"मग हे काय? स्वप्नात चालवलास?"

"हरीश, टोमणे नकोत."

"टोमणा नाही गं. डिसेंबरात भाडेकरार संपतो. असंच असेल तर नको वाढवायला. बँकेत परत घेतील तुला."

 मंदानं मोदकाची पारी हातात घेतली, पण कळ्या काही नीट पडेनात. मांडणीमागून मी ओरडत होतो, बाई, तुझं खरं आहे! माझ्याजवळ आहे सगळं! पण मीटरचं ओरडणं म्हणजे लाल दिवा. तो परातीमागे.

मंदाची तक्रार कंपनीकडे गेली. मध्ये ऑक्टोबर उजाडला. तलावांतलं पाणी उतरलं, गॅसही कमी पडला, आणि बाजारभाव असा भडकला की मोजताना मीच दचकायचो. दिवे मात्र एकाही घरातले गेले नाहीत. महाग झाली, पण वीज आली. याला मी बाजाराची लाज राखणं म्हणतो. नेमकी तेव्हाच मंदाची दिवाळीची मोठी ऑर्डर. स्वस्त वेळ उरलीच नव्हती, फ्रीझर दिवसभर घरघरत होता. आणि ऑक्टोबरचं बिल? गेल्या वर्षीच्या अंदाजानं आलेलं, अगदी लहानसं.

नोव्हेंबरात मीटरवाली आली. नायरी तिचं नाव. दारातूनच "किया ओरा!" असा माओरी नमस्कार केला, मांडणीपाशी थबकली आणि खो खो हसली.

"इतकं चकचकीत झाकण मी मीटरला कधी पाहिलं नव्हतं! यातून आकडे बाहेर जातील कसे?"

शकुमावशीला इंग्रजी फारसं कळत नसलं तरी हसणं कळलं. "माझ्या मांडणीनं काय केलं म्हणते ती?"

"तुझ्या मांडणीनं माझा भाडेकरार घालवला असता, मावशी."

"अगोबाई! काढा मग! आणि तिला मोदक द्या दोन."

नायरीनं मोदक खाल्ला, "स्वीट अ‍ॅज", म्हणजे इथल्या बोलीत झकास, म्हणाली, आणि मला तारेनं आपल्या यंत्राला जोडलं. मांडणी हटल्यानं पुढचे आकडे आता आपोआप जाणार होते. मागचे मात्र माझ्या पोटातून असे हातानंच काढावे लागणार होते. तिनं विचारलं, "तक्रार ऑगस्टची आहे. तेवढाच काढू, की सगळे महिने?"

हरीश चटकन मराठीत पुटपुटला, "ऑगस्ट म्हण. ऑक्टोबर काढलास तर मेलो आपण."

 मंदा माझ्याकडे बघत होती.

"अरे, पण ऑक्टोबरची वीज आपण वापरलीय."

"त्यांनीच कमी लावलीय. आपण थोडीच मागितली?"

"ऑगस्टात त्यांनी जास्त लावली तेव्हा तू लुटारू म्हणालास. मग आता आपण कोण?"

 मंदा नायरीकडे वळली. "ऑल ऑफ देम, प्लीज."

आठवड्यानं हिशेब आला. ऑगस्टनं परत दिलं ते ऑक्टोबरनं सगळं घेतलं, वर थोडं मागितलंही. हरीशनं कपाळाला हात लावला. मंदा मात्र ते कागद पसरून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "हरीश, हे बघ. पहाटेचं गणित खरं निघालं. चुकलं ते फक्त टंचाईचं. तेवढ्या महिन्यांपुरता बांधलेला दर देणारी कंपनी शोधू. आता मला माझा मोदक कितीला पडतो ते कळलंय. अंदाजावर मी गाळा ठेवलाही नसता आणि सोडलाही नसता."

हरीशनं आकडे पुन्हा पाहिले. तोंड वाकडं केलं. मग स्वतःच नव्या भाडेकरारावर सही करायला पेन शोधू लागला.

आज २०१९ चा हिवाळा आहे. मंदा गाळ्यात आहे, माझ्यापुढची भिंत मोकळी आहे, आणि माझा दिवा खुशाल लुकलुकतोय. माझ्याहून हुशार मीटर येऊ घातलेत म्हणे. येऊ देत. मी तक्रार करणार नाही.

जाता जाता एवढं ऐका. इतका मोठा बाजार, तलावांपासून तुमच्या चहाच्या किटलीपर्यंत, शेवटी खऱ्या आकड्यावर उभा असतो. बिलावर कुठे 'अंदाजे' लिहिलेलं दिसलं, तर मीटरपाशी या आणि खरं काय ते विचारा. आणि मी सांगेन त्यातला सोयीचा महिना तेवढा उचलू नका. हिशेब ठेवाल तो सगळ्या महिन्यांचा ठेवा.