बुडाची साक्ष

"माणसाचं तोंड बघावं, फुलदाणीचं बूड बघावं. तोंड शंभर थापा मारील, पण बूड कधी खोटं बोलत नाही!" असं जाहीर करून परीक्षकांनी बायकोच्या माहेरची चिनी फुलदाणी ऐटीत उलटी केली. आतून विणकामाच्या दोन सुया, एक संपलेला सेल आणि कपाटाची किल्ली त्यांच्या मांडीवर पडली.

"सापडली बाई एकदाची किल्ली," बायको म्हणाली.

परीक्षक संग्रहालयातून निवृत्त झाले होते, पण चिनी मातीच्या भांड्याचं वय सांगायचं तर आजही त्यांचाच शब्द शेवटचा. घरात मात्र तो पहिलाही नसे. सासऱ्यांनी निळ्या नक्षीच्या फुलदाण्यांची जोडी फोडून एक लेकीला, एक लेकाला दिली होती. आता बायकोने परस्पर संग्रहालयाला पत्र धाडलं होतं: ही जोडी आमच्या बाबांच्या नावाने काचेच्या कपाटात ठेवा. संग्रहालय कबूल झालं. हवं होतं फक्त परीक्षकांचं दोन ओळींचं प्रमाणपत्र. म्हणून धाकटा मेहुणा आपली फुलदाणी चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळाला आणावं तशी घेऊन आला होता.

पण बायकोच्या वाट्याची खरी फुलदाणी तीस वर्षांपूर्वी, ती माहेरी गेली असताना, परीक्षकांच्याच हातून फुटली होती. त्यांनी एका कुंभाराकडून हुबेहूब नक्कल करवून घेतली, बुडाची कोरी कडा कडक चहाने चोळून म्हातारी केली आणि गुपचूप जागेवर ठेवून दिली. खरीचे तुकडे टाकायला मात्र त्यांचा हात धजेना. ते पत्र्याच्या डब्यात घालून त्यांनी माळ्यावर सरकवले.

आता खरी नि खोटी शेजारी शेजारी मांडायच्या, तेही बायकोच्या डोळ्यांदेखत.

"भाऊजी, खाली बादशहाचं नाव आहे, म्हणजे झालंच की," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "उगाच भिंगबिंग कशाला?"

"नावावर जाऊ नये. तिकडचे कुंभार जुन्या बादशहाचं नाव नुसत्या आदरापोटीही घालायचे. नातवाला पणजोबांचं नाव ठेवलं म्हणून त्याला कवळी लागते का?" परीक्षकांनी सवयीने सुनावलं, आणि मग जीभ चावली.

त्यांनी मेहुण्याची फुलदाणी उलटी करून भिंग लावलं. सहा अक्षरं. चौथ्यात एक रेघ कमी.

परीक्षक दचकले. हीच रेघ त्यांच्या नकलेतही कमी होती. कुंभार विसरला होता, आणि ती नसलेली रेघ तीस वर्षं त्यांच्या डोळ्यांत सलत होती. त्यांनी कडेवरून नख फिरवलं. तीनशे वर्षं फळ्यांवर सरकलेली कडा कुठे झिजते, कुठे काळवंडते. ही सगळीकडून सारखीच तपकिरी. चहाचा रंग जरा लालसर चढतो, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होतं. हा काळपट होता. मेहुण्याकडे कॉफी पितात.

परीक्षकांनी हळूच मान वर केली. मेहुणा एकाग्रतेने बंद पंखा बघत होता.

"काय म्हणतंय बूड?" बायकोने विचारलं.

"दोन्ही एकाच हातच्या आहेत," परीक्षक म्हणाले. हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत अचूक निदान होतं.

"नक्की ना?"

"डोळे झाकून सांगतो."

"ऐकलंस ना ताई? भाऊजींचा शब्द म्हणजे शब्द!" मेहुण्याला आता कंठ फुटला. "तीनशे वर्षं तरी असतील, नाही का हो?"

"तीनशे," परीक्षक खाकरले. "एखादं वर्ष इकडेतिकडे."

त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. बायकोने त्यांच्या मांडीवरच्या सुया शांतपणे उचलल्या.

"सही करा सावकाश," ती म्हणाली, आणि भावाकडे वळली. "अरे, तुझ्या बायकोचा फोन होता. तुमच्या माळ्यावरचा तुकड्यांचा डबा कधी रिकामा करतोस, विचारत होती. आणि अहो, तुम्ही आपला आजच करा. मला बटणं ठेवायला हवाय."