टेकडी जाळण्याचा दिवस

त्या शेवटच्या साध्या दिवशी जोलीनचे बाबा, व्हर्लिन, कुंपणापाशी उभे राहून वारा बघत होते. चिमूटभर वाळकं गवत वर उडवायचं आणि ते कुठे जातं ते पाहायचं.

"उद्या जाळायला जमेल," ते जोलीनला म्हणाले. "गेलर्डला सांग, पाण्याची टाकी घेऊन ये. आणि जीभ घरी ठेवून ये."

कुंपणापलीकडची टेकडी पूर्वी मक्याची होती. उतारावरची माती ओढ्यात जायला लागली, तेव्हा बाबांनी ती सरकारी योजनेत घातली. नांगर लावायचा नाही, मूळचं रानगवत पेरायचं, आणि काही वर्षांनी एकदा, पाखरं अंडी घालायच्या आत, जाळायचं, म्हणजे झुडपं माजत नाहीत आणि गवत नव्याने फुटतं. बदल्यात सरकारकडून भाडं मिळे. शेजारचा गेलर्ड चिडवायचा, "काय व्हर्लिन, यंदा तणाला भाव काय?" आता करार संपत आला होता आणि गेलर्डला तिथे सोयाबीन पेरायचं होतं. रान खंडाने द्यायचं की गवत राखायचं, हे बाबा ठरवणार होते.

त्याच संध्याकाळी बूट काढता काढता बाबा गेले.

दफन झाल्यावर गेलर्ड टाकी घेऊन दारात आला. "सोयाबीनचं मग बोलू, पोरी. पाखरं अंड्यांवर बसली की योजनेची कचेरी काडी ओढू देणार नाही."

"मला येत नाही, काका."

"मला येतं. बडबड तुझ्या बापाची ऐकलीय ना इतकी वर्षं."

आधी वाऱ्याच्या विरुद्ध, हळू, रांगणारी आग लावली. वरच्या कडेला रुंद काळा पट्टा झाला. मग गेलर्डने मशाल जोलीनच्या हातात दिली. तिने वाऱ्याच्या बाजूने खालचा काठ पेटवला आणि मागे सरली. घरापेक्षा उंच आग उभी राहिली, गर्जत टेकडी चढली, काळ्या पट्ट्याला भिडली आणि तिथेच विझली. जोलीनला पापणी लववता आली नाही.

उरली ती काळी ठिक्कर टेकडी.

काही दिवसांनी गेलर्ड उत्तर मागायला भल्या पहाटे आला. दोघं वर गेली. बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा खोल घुमारा जमिनीतूनच येत होता. राखेवर रानकोंबडे जमले होते. माद्यांना रिझवायला गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमत, माना वाकवून ते असे पाय आपटत होते की पाय दिसेनात. माद्या बाजारात फिरावं तशा बेफिकीर फिरत होत्या.

गेलर्डने टोपी काढली. "पूर्वी इथे हे नाचायचे, असं आजोबा सांगायचे. मला वाटायचं, म्हातारा फेकतोय."

"सोयाबीन दुसरीकडे पेरा, काका. करार मी वाढवतेय."

"वाढव," तो हळूच म्हणाला. "मी मागितलंच नव्हतं समज."

जोलीनच्या घरात 'वाईट नाही' ही शाबासकीची हद्द होती. बाबांना तर तिने तेवढंही कधी म्हटलं नव्हतं. उजाडत होतं, आणि शेजारी घराबाहेरचा माणूस उभा होता.

"बाबा," तरी जोलीन मोठ्याने म्हणाली, "किती सुंदर केलंत हो हे."